पावसाचा खंड शोधणारा प्रोग्रॅम इतका संथ का चालतो? मोजमापाच्या साधनांविषयी मदत हवी आहे

पाणलोट

नमस्कार. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जलसंपत्ती हा विषय शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पासाठी आम्ही भारतीय हवामानशास्त्र विभागाची ग्रिडवरील दैनिक पावसाची माहिती वापरत आहोत. पाव अंशाच्या अंतरावर आखलेल्या या जाळीत पूर्व-पश्चिम १३५ आणि दक्षिणोत्तर १२९ असे एकूण १७,४१५ बिंदू आहेत. प्रत्येक बिंदूचा प्रत्येक दिवसाचा पाऊस चार बाइटांच्या दशांश संख्येत साठवलेला असतो आणि दर वर्षाची एक फाइल साधारण २५ एमबीची होते. आम्ही १९०१ ते २०२३ अशी १२३ वर्षे घेतली आहेत, त्यामुळे सगळी माहिती मेमरीत आणली की ती ३.१ जीबी होते.

आम्हाला काढायचे आहे ते असे की, जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत प्रत्येक बिंदूवर दर वर्षी पावसाचा सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा होता. हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस हा पावसाचा दिवस धरायचा आणि बाकीचे कोरडे. कोरडवाहू शेतीत पेरणीनंतर वीस दिवसांची उघडीप पडली की दुबार पेरणीचा प्रश्न उभा राहतो, त्यामुळे हा आकडा आमच्या दृष्टीने केवळ अभ्यासाचा नाही.

प्रोग्रॅम सी भाषेत आहे. बाहेरचे आवर्तन (लूप) बिंदूंचे, त्याच्या आत वर्षांचे आणि सर्वांत आत दिवसांचे आहे, कारण ‘एक बिंदू घ्यावा आणि त्याचा इतिहास वाचावा’ हीच विचार करण्याची स्वाभाविक पद्धत आहे. प्रयोगशाळेतल्या जुन्या, दोन कोअरच्या आणि आठ जीबी मेमरीच्या संगणकावर एका फेरीला सुमारे अर्धा मिनिट लागतो. पावसाची वेगवेगळी मर्यादा आणि मोसमाच्या वेगवेगळ्या तारखा धरून अशा दोनशे फेऱ्या कराव्या लागतात, म्हणजे एका प्रयोगाला दीड तासाहून अधिक वेळ जातो आणि त्यात एक चूक सापडली की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

विद्यार्थिनीने जीप्रोफ हे साधन वापरून पाहिले. त्याने सांगितले की जवळजवळ सगळा वेळ खंड मोजणाऱ्या एकाच फंक्शनमध्ये जातो. ते आम्हाला आधीच ठाऊक होते. आता कोणी म्हणते की भाषा बदला, कोणी म्हणते की थ्रेड वापरा, कोणी म्हणते की ग्राफिक्स कार्ड घ्या. मला मात्र आधी हे समजून घ्यायचे आहे की २६ कोटी साध्या तुलना करायला इतका वेळ लागावाच का. कृपया मार्गदर्शन करावे.

गणकयंत्री

पाणलोटताई, तुम्ही प्रश्न अगदी योग्य ठिकाणी थांबून विचारला आहे. वेळ कुठे जातो आणि का जातो, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. जीप्रोफ हे १९८२ मधले साधन पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. ते फंक्शनांच्या हाका मोजते आणि ठरावीक अंतराने प्रोग्रॅम कुठे आहे याची नोंद घेते. ते फंक्शन काम करत होते की नुसते मेमरीची वाट पाहत उभे होते, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी प्रोसेसरच्या आतच मोजणी करणारे काउंटर असतात: किती सायकली (घड्याळाचे ठोके) गेल्या, किती सूचना पूर्ण झाल्या, कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या जलद साठ्यात, किती वेळा माहिती सापडली नाही, किती वेळा शाखेचा, म्हणजे ‘जर-तर’च्या उत्तराचा, अंदाज चुकला. लिनक्सवर हे काउंटर वाचण्यासाठी पर्फ हे साधन आहे. ते २००९ मध्ये कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.६.३१ या आवृत्तीबरोबर आले आणि आजही कर्नलसोबतच सांभाळले जाते, म्हणून ते वेगळे शोधावे लागत नाही.

सुरुवात ‘पर्फ स्टॅट’ने करा आणि त्याला ‘-डी’ हा पर्याय जोडा. सर्वांत आधी दर सायकलला किती सूचना पूर्ण झाल्या हा एकच आकडा पाहा. आजचे प्रोसेसर अनुकूल परिस्थितीत दर सायकलला तीन-चार सूचना सहज पूर्ण करतात. तुमचा आकडा दोनच्या वर असेल तर प्रोसेसर खरोखर राबतो आहे आणि त्याचे काम कमी करण्याचा विचार करावा लागेल. तो एकच्या बराच खाली असेल तर प्रोसेसर वाट पाहतो आहे, आणि मग कशाची वाट पाहतो आहे हे पुढचे काउंटर सांगतील.

दोन गोष्टी आधी तपासा. प्रोग्रॅम ‘-ओ२’ आणि ‘-जी’ हे दोन्ही पर्याय देऊन संकलित (कंपाइल) करा. ‘-ओ२’मुळे संकलक वेगासाठी सुधारणा, म्हणजे ऑप्टिमायझेशन, करतो. ‘-जी’मुळे वेग कमी होत नाही, फक्त मूळ ओळींशी सांगड घालणारी माहिती सोबत राहते. जीप्रोफसाठी जर ‘-पीजी’ लावून आणि ऑप्टिमायझेशन बंद ठेवून संकलन केले असेल, तर तुम्ही मोजलेला प्रोग्रॅम आणि तुम्ही वापरणार असलेला प्रोग्रॅम हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत.

पाणलोट

मनःपूर्वक आभार. तुमची शंका खरी निघाली. ऑप्टिमायझेशन बंदच होते. ते सुरू केल्यावर थोडा फरक पडला, परंतु फार नाही, आणि मला वाटते की तो फार पडला नाही हीच यातली कळीची गोष्ट असावी.

विद्यार्थिनीने पर्फ आधी स्वतःच्या लॅपटॉपवरील व्हर्च्युअल मशिनमध्ये चालवले. तिथे बहुतेक ओळींपुढे ‘आधार नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, कारण त्या मशिनपर्यंत प्रोसेसरचे काउंटर पोहोचतच नव्हते. मग प्रयोगशाळेतल्या संगणकावर चालवले. तिथे सामान्य वापरकर्त्याला परवानगी नव्हती. कर्नलमधली ती मर्यादा प्रशासकाच्या खात्यातून शिथिल करून घ्यावी लागली. जे नव्याने सुरुवात करतील त्यांच्या उपयोगासाठी हे मुद्दाम लिहीत आहे, कारण आमचा एक पूर्ण दिवस यात गेला.

आकडे असे आहेत. दर सायकलला पूर्ण होणाऱ्या सूचना ०.३ च्या आसपास आहेत. पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये जवळजवळ प्रत्येक वेळी माहिती सापडत नाही. आणि टीएलबी नावाच्या काउंटरमध्येही चुकांची संख्या आमच्या वाचनांच्या संख्येइतकीच दिसते. हा टीएलबी म्हणजे नेमके काय?

मूळसंख्या

टीएलबीचे उत्तर देण्याआधी मी तुमच्या माहितीचा हिशेब कागदावर मांडतो, कारण सगळा उलगडा त्यातच आहे.

एका दिवसाचा तक्ता १७,४१५ बिंदूंचा आणि प्रत्येक बिंदू चार बाइटांचा, म्हणजे ६९,६६० बाइट. फाइलमध्ये आधी १ जानेवारीचा संपूर्ण देश, मग २ जानेवारीचा संपूर्ण देश, अशी मांडणी आहे. तुमचे आतले आवर्तन मात्र एकाच बिंदूवर उभे राहून दिवसामागून दिवस वाचते, म्हणजे ते दर पावलाला ६९,६६० बाइटांची उडी मारते.

प्रोसेसर मेमरीतून चार बाइट कधीच आणत नाही. तो ६४ बाइटांची आख्खी कॅश लाइन आणतो. त्या ओळीत तुमच्या बिंदूबरोबर त्याच्या पूर्वेचे-पश्चिमेचे पंधरा शेजारी येतात. तुम्ही एक वापरता आणि पुढच्या दिवसाकडे उडी घेता. १२३ वर्षांचे १२२ दिवस म्हणजे १५,००६ उड्या झाल्यावर तुम्ही शेजारच्या बिंदूकडे परतता. तोपर्यंत १५,००६ ओळी, म्हणजे ९६० केबी माहिती, कॅशमधून गेलेली असते. पहिल्या पातळीची कॅश ३२ केबीची आणि तुमच्या पिढीतल्या संगणकांवर दुसऱ्या पातळीची २५६ केबीची, त्यामुळे आलेले शेजारी केव्हाच बाहेर फेकले गेलेले असतात. ते तिसऱ्या पातळीवरून, किंवा थेट मेमरीतून, पुन्हा आणावे लागतात. दाणे घ्यायला कोठारात जावे, पोते खांद्यावर घेऊन यावे, एक दाणा काढून पोते परत ठेवून यावे, असे हे पंधरा हजार वेळा चालले आहे.

आता टीएलबी. प्रोग्रॅमला दिसणारा पत्ता आणि मेमरीतला खरा पत्ता वेगळे असतात, आणि त्यांची सांगड ४,०९६ बाइटांच्या पानांच्या हिशेबाने ठेवलेली असते. अलीकडे वापरलेल्या पानांचे खरे पत्ते प्रोसेसर एका छोट्या तक्त्यात जवळ ठेवतो, तोच टीएलबी. इंटेलच्या स्कायलेक पिढीत त्याच्या दुसऱ्या पातळीवर १,५३६ नोंदी मावतात. तुमची प्रत्येक उडी सतरा पाने ओलांडते, म्हणजे १५,००६ दिवसांसाठी १५,००६ वेगवेगळी पाने लागतात. प्रत्येक वाचनाला नोंद सापडत नाही आणि पत्त्यासाठी मेमरीतल्या पानांच्या तक्त्यात शोधत जावे लागते. तुमच्या काउंटरने हेच सांगितले आहे.

६९,६६० म्हणजे ४,०९६ च्या सतरा पट अधिक २८ होतात. ते २८ बाइट तुम्हाला वाचवत आहेत. उडी जर बरोबर ४,०९६ च्या पटीत असती तर सगळे दिवस पहिल्या कॅशच्या एकाच कप्प्यात येऊन पडले असते, आणि त्या कप्प्यात आठच ओळी मावतात. मोठ्या गणितांत मांडणीची लांबी दोनच्या घातात ठेवली की प्रोग्रॅम अचानक मंदावतो त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

उपाय एका ओळीचा आहे: वर्षाचे आवर्तन सर्वांत बाहेर काढा, त्यात बिंदूंचे, त्यात दिवसांचे ठेवा. मग एका बिंदूपासून शेजारच्या बिंदूपर्यंत फक्त १२२ ओळी, म्हणजे आठ केबीहून कमी माहिती वापरात येते. ती पहिल्या कॅशमध्ये सहज राहते, १२२ पाने टीएलबीत मावतात, आणि आणलेल्या पंधराही शेजाऱ्यांचा उपयोग होतो. गणिताचे एक अक्षरही बदलत नाही.

सातासमुद्रापार

वरील विवेचन अचूक आहे. त्याला एक पर्याय जोडतो, तोही केवळ माहितीसाठी. आवर्तनांचा क्रम बदलणे शक्य नसेल तर लिनक्सला दोन एमबीची मोठी पाने मागता येतात. तुमच्या एका वर्षाचा मोसमी भाग ८.५ एमबीचा, म्हणजे पाच-सहा मोठी पाने. १२३ वर्षांची सहाशे-सातशे. एवढी टीएलबीत मावतील. परंतु याने फक्त पत्ते शोधण्याचा त्रास जातो, एका दाण्यासाठी पोते उचलणे तसेच राहते. म्हणून मी मूळसंख्या यांच्या उपायालाच अग्रक्रम देईन.

मी हवामानाच्या प्रतिमानांवर काम करणाऱ्या गटात आहे. आमचा बहुतेक कोड फोरट्रानमध्ये आहे, आणि तिथे रचनेचा पहिला निर्देशांक सर्वांत जलद बदलतो, तर सीमध्ये शेवटचा. फोरट्रानमधली १३५, १२९, ३६५ अशी मांडणी आणि सीमधली ३६५, १२९, १३५ अशी मांडणी मेमरीत तंतोतंत सारखीच असते. भाषांतर करताना हे ध्यानात राहिले नाही तर उत्तर बरोबर येते आणि वेग जातो, त्यामुळे चूक वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये आलेल्या ‘अर्क’ या ११.७७ पेटाफ्लॉपच्या महासंगणकावरही कॅश लाइन ही कॅश लाइनच असते; तिथे अशी चूक हजारो कोअरवर एकदम होते इतकेच.

पाणलोट

क्रम बदलला. अर्ध्या मिनिटाची फेरी आता साधारण दोन सेकंदांत होते. आधीचा आणि आताचा निकाल बाइटागणिक ताडून पाहिला. दोन्ही तंतोतंत जुळले. विद्यार्थिनीने मला विचारले की हे आम्हाला अभ्यासक्रमात का शिकवले नाही, आणि माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते.

पर्फ पुन्हा चालवले. टीएलबीच्या चुका जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत, दर सायकलच्या सूचना एकच्या किंचित वर गेल्या आहेत. आता शाखांचे चुकलेले अंदाज हा आकडा सर्वांत ठळक दिसतो. तो आधीही असणार, पण तेव्हा आमचे लक्ष त्याच्याकडे जाण्याचे कारण नव्हते. यावर काही करता येईल का?

गणकयंत्री

अडथळा असाच जागा बदलतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर नव्याने मोजायचे असते.

‘आज पाऊस २.५ पेक्षा कमी आहे का’ या प्रश्नाचे उत्तर प्रोसेसर आधीच अंदाजाने धरून पुढची कामे सुरू करतो. अंदाज चुकला की सुरू केलेले सगळे टाकून द्यावे लागते आणि त्यात पंधरा-वीस सायकली जातात. जैसलमेरच्या बिंदूवर अंदाज बहुधा बरोबर येईल आणि जुलैतल्या आंबोलीच्या बिंदूवरही येईल, पण मराठवाड्यातल्या मोसमात एक दिवस सर आणि दोन दिवस उघडीप असते. तिथे अंदाज करायचा तरी कशावरून?

म्हणून प्रश्नच काढून टाका. चालू खंडाची लांबी ‘चाल’ आणि आजचा दिवस कोरडा असेल तर १, नसेल तर ० असा ‘कोरडा’ धरला, तर नवी चाल = (चाल + १) × कोरडा. पाऊस पडला की शून्याने गुणले जाऊन खंड आपोआप तुटतो. यात कुठेही ‘जर-तर’ नाही.

आणखी एक पाऊल पुढे जा. बिंदूंचे आवर्तन सर्वांत आत आणा: बाहेर वर्ष, मग दिवस, मग बिंदू. प्रत्येक बिंदूची चालू लांबी आणि आतापर्यंतची कमाल लांबी अशा दोन याद्या ठेवा. चार बाइटांच्या पूर्णांकांत दोन्ही मिळून १४० केबीही होत नाहीत आणि दुसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये राहतात. आता माहिती ज्या क्रमाने साठवली आहे त्याच क्रमाने वाचली जाते आणि शेजारी बिंदू परस्परांवर अवलंबून नाहीत. त्यामुळे संकलक एव्हीएक्स२ च्या सूचना वापरून आठ-आठ बिंदू एकदम हाताळू शकतो. जीसीसी या संकलकात ‘-ओ३’ आणि त्याच यंत्रासाठीच्या सूचना वापरण्याचा पर्याय द्या. बाराव्या आवृत्तीपासून ‘-ओ२’वरही असे समूहीकरण मर्यादित प्रमाणात होते.

ते खरोखर झाले का, हे गृहीत धरू नका. ‘पर्फ रेकॉर्ड’ने नोंद घेऊन ‘पर्फ ॲनोटेट’ने यंत्रसूचना पाहा. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा: टक्केवारी अनेकदा खऱ्या दोषी सूचनेसमोर न दिसता तिच्या पुढच्या सूचनेसमोर दिसते. मेमरीतून वाचणारी सूचना रखडते, पण नोंद पडते ती त्या वाचलेल्या मूल्याची वाट पाहणाऱ्या तुलनेच्या नावावर. मोजायच्या घटनेच्या (इव्हेंटच्या) नावापुढे अचूक नोंदीचा पर्याय जोडला की हे सरकणे बरेच कमी होते.

उंबरठा

मी पायथनमध्ये काम करणारा माणूस आहे, पण हे वाचून एक प्रयोग करून पाहिला आणि तो इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. वर दिलेले सूत्र नम्पाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत दिवसागणिक एका ओळीत लिहिता येते, कारण १७,४१५ बिंदूंची यादी ही एकच वस्तू असते. पायथनचे आवर्तन मग फक्त १५,००६ वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीतले खरे काम नम्पायच्या आतल्या संकलित कोडमध्ये होते. माझ्या संगणकावर संपूर्ण गणित एका सेकंदाच्या आत झाले.

म्हणजे पायथनमधला हा प्रोग्रॅम ताईंच्या मूळ सी प्रोग्रॅमपेक्षा कितीतरी जलद आहे. माझा संगणक नवा आहे हे मान्य करूनही एवढा फरक केवळ यंत्रामुळे पडत नाही. ‘सी जलद आणि पायथन संथ’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. माहिती कोणत्या क्रमाने वाचली जाते हे त्यात कुठेच येत नाही.

खिडकीतला_पाऊस

वेगाविषयी चर्चा उत्तम चालली आहे, परंतु मला निकालाविषयी एक गंभीर शंका आहे. या फाइलींमध्ये भारताबाहेरच्या आणि समुद्रावरच्या बिंदूंना -९९९ हे मूल्य दिलेले असते, कारण तिथे नोंद नाही. तुमची अट ‘२.५ पेक्षा कमी म्हणजे कोरडा’ अशी आहे. -९९९ हे २.५ पेक्षा कमीच आहे. अरबी समुद्रातल्या एखाद्या बिंदूचा निकाल कृपया तपासून पाहा.

पाणलोट

तपासला. अरबी समुद्रातल्या प्रत्येक बिंदूवर दर वर्षी १२२ दिवसांचा खंड निघाला आहे. जिथे कधी मोजणीच झाली नाही तिथे आम्ही १२३ वर्षांचा अखंड दुष्काळ दाखवला होता. किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांची सरासरी काढताना असे काही बिंदू आत आले असते आणि आम्हाला कळलेही नसते. आपले ऋण शब्दांत सांगता येणार नाही.

आधीच्या आणि नंतरच्या निकालांची बाइटागणिक तुलना मी मोठ्या समाधानाने केली होती. त्या तुलनेने फक्त एवढेच सिद्ध झाले की दोन्ही प्रोग्रॅम सारखेच चुकतात.

अट ‘शून्य किंवा अधिक, आणि २.५ पेक्षा कमी’ अशी केली तर पुरेल का?

खिडकीतला_पाऊस

पुरणार नाही. तसे केल्यावर समुद्रावरचा खंड १२२ ऐवजी शून्य दिवसांचा येईल, म्हणजे तिथे रोज पाऊस पडला असा अर्थ होईल. तो पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे, कारण १२२ हा आकडा निदान डोळ्यांत खुपतो. नोंद असलेल्या दिवसांची संख्या प्रत्येक बिंदूसाठी वेगळी मोजा आणि ती १२२ भरत नसेल तर निकालातही ‘नोंद नाही’ असेच लिहा. ही मोजणीसुद्धा गुणाकार-बेरजेतच बसते, त्यामुळे वेगाला धक्का लागत नाही.

मूळसंख्या

वरील सूचना मी या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची मानतो. पर्फला आपली अट चुकीची आहे हे कधीच दिसणार नव्हते. त्यासाठी दहा-बारा दिवसांचे, हाताने उत्तर काढता येईल असे छोटे नमुने करून ठेवावेत: सगळे कोरडे, सगळे ओले, शेवटच्या दिवसापर्यंत चाललेला खंड, मधेच नोंद नसलेला दिवस, आणि बरोबर २.५ मिलिमीटरचा दिवस. प्रत्येक बदलानंतर आधी हे नमुने चालवायचे आणि मगच घड्याळाकडे पाहायचे. संकलकाच्या ॲड्रेस सॅनिटायझरखालीही एकदा चालवून घ्या. त्याने वेग निम्म्याच्या आसपास येतो, पण यादीच्या बाहेर केलेले वाचन तो तिथल्या तिथे पकडतो, आणि लीप वर्षाच्या ३६६ व्या दिवसाशी अशी चूक हमखास होते.

सातासमुद्रापार

मोजमापाच्या पद्धतीविषयी थोडे लिहितो. आता तुमची फेरी दोन सेकंदांवर आली आहे, आणि इतक्या लहान वेळा एकदाच मोजून तुलना करणे धोक्याचे आहे.

पहिल्यांदा चालवताना फाइली डिस्कवरून येतात आणि दुसऱ्यांदा त्या कर्नलने मेमरीत राखून ठेवलेल्या असतात. साटा जोडणीच्या एसएसडीवरून सेकंदाला साडेपाचशे एमबीपेक्षा जास्त येत नाही, म्हणजे ३.१ जीबी वाचायलाच सहा सेकंदांच्या आसपास लागतात. तुमच्या गणितापेक्षा वाचनच आता मोठे आहे. केवळ जून ते सप्टेंबरचा भाग वाचला तर १.०५ जीबी पुरते, आणि १ जूनपर्यंत उडी मारताना लीप वर्षात एक दिवस अधिक धरावा लागतो. वाचन आणि गणित यांच्या वेळा वेगळ्या नोंदवा.

लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, त्यामुळे दुपारी केलेला बदल सकाळच्या आकड्याशी ताडू नये. जुना आणि नवा प्रोग्रॅम आलटून-पालटून चालवावा. हायपरफाइन हे छोटे साधन प्रोग्रॅम अनेकदा चालवून सरासरीबरोबर विखुरणीही दाखवते. विखुरणीपेक्षा लहान असलेला फरक हा फरक समजू नये. २००९ मध्ये मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. त्यात त्यांनी दाखवले होते की प्रोग्रॅमला हात न लावता केवळ भोवतालच्या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलची लांबी बदलली तरी धावण्याचा वेळ बदलतो, कारण त्यामुळे स्टॅकची मेमरीतली जागा सरकते. दोन-तीन टक्क्यांच्या सुधारणेवर आनंद मानण्याआधी मी तो निबंध आठवतो.

उंबरठा

फ्लेम ग्राफ काढावा का, याविषयी कोणी काही लिहिले नाही. ब्रेंडन ग्रेग यांची ही पद्धत सगळीकडे सुचवली जाते.

गणकयंत्री

या प्रोग्रॅमसाठी मी सुचवणार नाही. ग्रेग यांनी ती २०११ मध्ये मायएसक्यूएल या डेटाबेसमधली अडचण शोधताना तयार केली. तिथे शेकडो फंक्शने एकमेकांना हाका मारत असतात आणि नोंदींची हजारो ओळींची यादी वाचून काही कळत नाही. एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या रुंदीवरून अशा ठिकाणी क्षणात कळते की वेळ कुणाच्या वाट्याला गेला. ताईंच्या प्रोग्रॅमचा फ्लेम ग्राफ म्हणजे एकच रुंद पट्टी होईल, आणि ती पट्टी जीप्रोफने आधीच दाखवली आहे. दुसरीकडे कुठे काढायचा झाला तर फ्रेम पॉइंटर (कोणी कुणाला हाक मारली याचा माग ठेवणारा पत्ता) राखून संकलन झालेले असावे, नाहीतर हाकांची साखळी मधेच तुटते. फेडोराच्या ३८ व्या आणि उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीपासून त्यांची पॅकेजे फ्रेम पॉइंटरसह मिळू लागली आहेत, ही मोठी सोय झाली.

पाणलोट

सर्वांना कळवते. नमुने तयार केले. त्यात बरोबर २.५ मिलिमीटरच्या दिवसाची एक चूक आणखी सापडली, कारण विद्यार्थिनीने एका ठिकाणी ‘कमी किंवा समान’ लिहिले होते. आता बाहेर वर्ष, मग दिवस, आत बिंदू असा क्रम आहे, ‘नोंद नाही’ची मोजणी वेगळी आहे, आणि ॲनोटेटमध्ये आठ-आठ बिंदूंच्या सूचना दिसतात. मोसमी भाग एकदाच मेमरीत वाचून घेतल्यावर एक फेरी अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात होते आणि दोनशे फेऱ्या दीड-दोन मिनिटांत संपतात. थ्रेडची गरज उरली नाही. नव्या संगणकासाठी केलेला अर्ज मी परत घेतला आहे.

आता पुढचा टप्पा तापमानाचा आहे. ती जाळी एक अंशाची, ३१ गुणिले ३१ बिंदूंची, म्हणजे एका दिवसाचा तक्ता फक्त ३,८४४ बाइटांचा. एका पानाहूनही लहान. तिथे जुना क्रम इतका महागात पडणार नाही असा माझा कागदावरचा अंदाज आहे. विद्यार्थिनीचे मत वेगळे आहे. आम्ही दोघींनी आपापले अंदाज वहीत लिहून ठेवले आहेत आणि उद्या सकाळी दोन्ही क्रमांनी पर्फ चालवणार आहोत. आकडे इथेच लिहीन.